चाकातील गिअर आणि अतिभाराचा हिशोब

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे जे अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत अतिभारारोपणाचा समावेश आहे. आपल्या आश्रयाला असलेल्या प्राण्यावर किंवा मनुष्यावर त्याच्या शक्तीपलीकडे ओझे लादणे हा तो दोष. ज्या घराण्यांचा माल पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडीने, हातगाडीने आणि सायकलीने पेठेत फिरला, त्यांना या शब्दाची फोड करून सांगण्याचे कारण नाही.

आता ओझे ओढण्याच्या कामी बैलाच्या जागी विजेची मोटर आली आहे. दुकानातील मुलगा तीस-चाळीस किलो माल विजेच्या सायकलीवर लादून घरोघरी पोचवतो. पेट्रोल वाचते, गल्लीबोळात गाडी सहज शिरते. यंत्र अजीव आहे, त्याला वेदना नाही. परंतु वेदना नाही म्हणून मर्यादाही नाही, असा अर्थ कोणी काढू नये. मर्यादा ओलांडली की मोडते ते यंत्र आणि पडतो तो त्यावर बसलेला माणूस. जुनी दणकट सायकल, तिच्या पायडलच्या आसाशी बसवलेली मोटर आणि मागील चाकाच्या हबमध्ये बंदिस्त असलेले गिअर, अशी जुळणी करून घेण्याकडे अलीकडे अनेकांचा कल दिसतो. जुळणी गुणाची आहे. मात्र तिचा हिशोब आधी मांडावा लागतो.

मोटर कोठे असावी?

विजेच्या सायकलीत मोटर मुख्यतः दोन ठिकाणी असते. पहिली पद्धत म्हणजे चाकाच्या हबमध्येच मोटर. ती चाकाला थेट फिरवते. सायकलीच्या गिअरशी तिचा संबंध येत नाही. चढावर चाक मंदावले की मोटरही मंदावते, अधिक विद्युतप्रवाह ओढते आणि तापते. दुसरी पद्धत म्हणजे पायडलच्या आसाशी बसवलेली मधली मोटर, जिला मिड-ड्राइव्ह म्हणतात. तिचा जोर माणसाच्या पायांच्या जोराप्रमाणेच साखळीतून आणि गिअरमधून चाकापर्यंत जातो. चढ आला की स्वार खालचा गिअर घेतो. चाक सावकाश फिरते, परंतु मोटर आपल्या सोयीच्या गतीने फिरत राहते. म्हणूनच जड माल आणि चढ असेल तेथे मधली मोटर अधिक काटकसरी ठरते. जपानमधील यामाहा कंपनीने १९९३ साली बाजारात आणलेल्या ‘पास’ या सायकलीत पायांचा जोर आणि मोटरचा जोर पायडलपाशीच एकत्र करण्याची योजना होती. आज साध्या सायकलीला जोडता येतील असे मधल्या मोटरचे तयार संचही मिळतात.

गिअरचेही दोन प्रकार आहेत. एकात मागे लहानमोठ्या चकत्यांची उतरंड असते आणि साखळी एका चकतीवरून दुसरीवर ढकलली जाते. दुसऱ्यात मागे एकच चकती दिसते. सारे गिअर हबच्या पोटात बंद असतात. हबमध्ये मोटर बसवली की तेथे गिअरला जागा उरत नाही. त्यामुळे मागील हबमध्ये गिअर हवे असतील, तर मोटर दुसरीकडे बसवावी लागते आणि मधल्या मोटरची संगत त्यांना चांगली जुळते.

या संगतीचे लाभ व्यवहारात लगेच जाणवतात. गिअर बंदिस्त असल्याने पावसाळ्यातील चिखल आणि उन्हाळ्यातील धूळ त्यांच्यापर्यंत सहसा पोचत नाही. साखळी नेहमी एका सरळ रेषेत धावते, त्यामुळे रुंद व मजबूत साखळी वापरता येते. तिच्यावर पूर्ण झाकण बसवता येते आणि धोतराला वा पायजम्याला तेल लागत नाही. सर्वांत मोठा लाभ असा की, सायकल उभी असतानाही गिअर बदलता येतो. सिग्नलपाशी अचानक थांबावे लागले आणि वरचा गिअर राहून गेला, तर उतरंडीच्या गिअरवाल्याला तशीच जड सायकल पुढे रेटावी लागते. हबमधील गिअरवाला उभ्या उभ्या खालचा गिअर घेऊन निघतो. याची किंमत म्हणून हबचे वजन अधिक असते, काही टक्के शक्ती आतील चक्रांच्या घर्षणात जाते आणि पंक्चर काढण्यासाठी मागचे चाक सोडवणे थोडे कष्टाचे होते.

हबच्या पोटात काय चालते?

हबमधील गिअर ही नवी गोष्ट नाही. स्टर्मी-आर्चर ही कंपनी १९०२ साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे रॅले सायकलीचे मालक फ्रँक बाउडेन यांच्या पुढाकाराने निघाली आणि तिचे तीन गिअरचे हब जगभर गेले. आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यामुळे रॅले हे नाव आपल्याकडील जुन्या पिढीच्याही ओळखीचे आहे.

आतील रचना ग्रहमालेसारखी असते. मध्यभागी आसावर स्थिर असलेले सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी लहान ग्रहचक्रे आणि या साऱ्यांना वेढणारे, आतून दाते असलेले वलयचक्र. साखळीने ग्रहचक्रांचा सांगाडा फिरवला आणि वलयाकडून चाकाला गती दिली, तर चाक वेगाने फिरते. उलट, साखळीने वलय फिरवले आणि सांगाड्याकडून गती घेतली, तर चाक सावकाश पण जोराने फिरते. मधल्या गिअरमध्ये साखळीची गती चक्रांना वळसा घालून थेट चाकाला मिळते. स्टर्मी-आर्चरच्या ‘एडब्ल्यू’ या प्रसिद्ध हबमध्ये चाकाची चकतीच्या तुलनेतील गती खालच्या गिअरमध्ये सुमारे ७५ टक्के, मधल्यात १०० टक्के आणि वरच्यात सुमारे १३३ टक्के असते. शिमानोच्या नेक्सस आठ-गिअर हबमध्ये हीच कल्पना विस्तारली असून पहिला गिअर ०.५२७ पट, पाचवा थेट १ पट आणि आठवा १.६१५ पट गती देतो. जर्मनीतील रोलॉफ कंपनीच्या १४ गिअरच्या हबची सर्वांत खालच्या व सर्वांत वरच्या गिअरमधील तफावत ५२६ टक्के आहे.

ही सारी शक्ती मुठीत मावेल एवढ्या जागेतील दात्यांमधून आणि बोटाच्या पेराहून लहान खिट्ट्यांमधून जाते. मूळची हब माणसाच्या पायांचा अंदाज घेऊन घडवलेली होती. त्यात मोटर मिळवली की काय होते, हे आकड्यांनी पाहणे उचित.

भाराचा ताळेबंद

येथे वॅटपेक्षा टॉर्क महत्त्वाचा आहे. टॉर्क म्हणजे आसाभोवती फिरवणारा जोर. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. ७० किलो वजनाचा माणूस पायडलवर उभा राहिला आणि पायडलची भुजा १७० मिलिमीटर असली, तर आसावर सुमारे ११७ न्यूटन-मीटर टॉर्क येतो. मालवाहू सायकलींसाठी वापरल्या जाणाऱ्या सशक्त मधल्या मोटरचा टॉर्क ८५ न्यूटन-मीटर धरला, तर बेरीज २०२ होते.

ही सगळी रक्कम हबच्या खात्यात जमा होत नाही, कारण मध्ये साखळी आहे. पुढील चेनव्हीलला ३८ दाते आणि मागील चकतीला १९ दाते असतील, तर मागील चकती दुप्पट वेगाने फिरते आणि तिच्यावरील टॉर्क निम्मा होतो. म्हणजे हबवर येतो सुमारे १०१. आता चढ सोपा व्हावा म्हणून कोणी पुढे ३२ दात्यांचे चेनव्हील आणि मागे २४ दात्यांची चकती बसवली, तर गुणोत्तर १.३३ होते आणि हबवर सुमारे १५२ न्यूटन-मीटर येतात. मोटर तीच, माणूस तोच, माल तोच. केवळ दात्यांच्या निवडीने भार दीडपट झाला. हबमध्ये येणाऱ्या टॉर्कची रोलॉफने दिलेली कमाल मर्यादा १३० न्यूटन-मीटर आहे. पहिली जुळणी त्या मर्यादेत बसते, दुसरी बसत नाही. आणि हे हब तर या जातीतील अत्यंत मजबूत आणि महागड्या हबपैकी एक. साध्या हबची क्षमता याहून कमी असते, हे गृहीत धरूनच चालावे.

व्यापाऱ्याला हे कॅश क्रेडिट खात्याच्या उदाहरणाने चटकन समजेल. मंजूर मर्यादा किती आणि उचल किती, याची सांगड न घालता चेक फाडणारा फार काळ तग धरत नाही. येथे मर्यादा हब बनवणारा ठरवतो, उचल मोटर आणि माणूस मिळून करतात आणि दोन चकत्यांच्या दात्यांचे गुणोत्तर त्या उचलीला लगाम घालते. म्हणून पुढे मोठे चेनव्हील आणि मागे लहान चकती हा हबला वाचवण्याचा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय होय. चढासाठी खालचा गिअर हबच्या आतून घ्यावा. तो साखळीच्या बाजूने मिळवू पाहिला की भार वाढतो.

धक्क्याचा हिशोब

स्थिर भारापेक्षा अचानक बसणारा धक्का अधिक घातक असतो. अनुभवी स्वार गिअर बदलताना पायांचा जोर क्षणभर सैल करतो. आतील खिट्ट्या तेवढ्या सवडीत एका दात्यातून सुटून दुसऱ्यात बसतात. मोटरला ही समज नसते. ती त्याच क्षणी पूर्ण जोराने ओढत असेल, तर खिट्टी अर्धवट बसलेल्या अवस्थेत साऱ्या भाराखाली सापडते. काठावरचा धातू झिजतो, काही काळाने गिअर घसरू लागतो आणि एके दिवशी ऐन चढावर पायडल रिकामे फिरते. पायडलवर उभा असलेला मुलगा अशा वेळी आडव्या दांड्यावर किंवा रस्त्यावर आपटतो. मागून येणारे वाहन थांबेलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

जुन्या तीन-गिअर हबमध्ये हा धोका आणखी एका कारणाने असतो. त्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये कोणताच गिअर नसलेली एक जागा असते. गिअरची तार नीट ताणलेली नसेल, तर हब त्या जागेत जाऊ शकते. पायांच्या सायकलीत तो त्रास असतो. मोटरच्या सायकलीत अपघात ठरतो.

यावरचा उपाय म्हणजे गिअर-सेन्सर. गिअरच्या तारेवर बसवलेला हा लहानसा संवेदक तार हलताच मोटरला क्षणभर थांबण्याची सूचना देतो. तो नसेल, तर निदान ब्रेकच्या मुठीला जोडलेला मोटर बंद करणारा खटका असावा आणि स्वाराला तो हलकेच दाबून गिअर बदलण्याची सवय लावावी. पायांच्या जोराचे मोजमाप करून त्या प्रमाणात साहाय्य देणारी मोटर हबला अधिक मानवते, कारण पाय सैल पडताच तीही सैल पडते. केवळ पायडल फिरते की नाही एवढेच पाहणारी किंवा मुठीने चालणारी मोटर थांबल्या जागेवरून एकदम जोर लावते. तिच्या नियंत्रकात सुरुवातीचा जोर हळूहळू वाढेल अशी व्यवस्था करून घ्यावी.

हब बनवणाऱ्यांनीही ही गोष्ट ओळखली आहे. रोलॉफच्या हबमध्ये प्लॅस्टिकच्या लहान पिना मुद्दाम कमकुवत ठेवलेल्या असतात. अतिभार आला तर त्या आधी तुटतात आणि आतील मौल्यवान चक्रे वाचतात. घरातील विजेच्या फ्यूजचेच हे तत्त्व. शिमानोने विजेच्या सायकलींसाठी वेगळे पाच-गिअरचे नेक्सस हब काढले आणि त्याची एकूण तफावत २६३ टक्के ठेवली. आठ गिअर बनवणाऱ्या कंपनीने मोटरसाठी पाचच द्यावेत, यात बोध आहे. जागा तेवढीच असताना गिअर वाढवले की भाग लहान आणि नाजूक होतात. एनव्हिओलो या हबमध्ये, जे पूर्वी नुविन्सी नावाने मिळत असे, दाते असलेल्या चक्रांऐवजी पोलादी गोळे असतात. ते कलते करून गती पायरीविना कमी-अधिक करता येते, त्यामुळे खिट्टी अर्धवट अडकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. वजन आणि घर्षण मात्र अधिक.

थेट गिअरचे महत्त्व

प्रत्येक हबमध्ये बहुधा एक गिअर थेट असतो. तीन-गिअर स्टर्मी-आर्चरचा दुसरा, नेक्सस आठचा पाचवा आणि रोलॉफचा अकरावा. या गिअरमध्ये ग्रहचक्रांवर काम पडत नाही. घर्षण आणि झीज सर्वांत कमी. म्हणून रोजचा सपाट रस्ता थेट गिअरमध्येच पार पडावा, अशी दात्यांची निवड करणे शहाणपणाचे.

उदाहरणार्थ, २६ इंची चाकाचा परीघ सुमारे २.०७ मीटर धरावा. पुढे ३८, मागे १९ दाते आणि पायडलचे मिनिटाला ७० फेरे, असे असता नेकसस आठच्या पाचव्या गिअरमध्ये वेग ताशी सुमारे १७ किलोमीटर येतो. माल घेऊन पेठेत फिरण्यास तो पुरेसा आहे. पहिल्या गिअरमध्ये तोच वेग सुमारे ९ किलोमीटर होतो, म्हणजे चढाची सोय झाली. आठव्यात तो २८ किलोमीटर होतो. परंतु मोटरच्या साहाय्याला कायद्याने २५ ची मर्यादा असल्याने त्या गिअरची गरज क्वचितच पडेल.

कायद्याची चौकट

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार विजेची सायकल मोटार वाहन ठरू नये, यासाठी तिच्या मोटरची तीस मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी असावी लागते. पायडलला साहाय्य करणाऱ्या सायकलीत ताशी २५ किलोमीटर वेग गाठताच, किंवा स्वाराने पायडल थांबवताच, मोटरचे साहाय्य बंद झाले पाहिजे. ही पूर्तता मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने प्रमाणित केलेली असावी लागते. बाजारात ७५० आणि १००० वॅटचे मधल्या मोटरचे संचही दिसतात. ते बसवलेली सायकल या सवलतीबाहेर जाते; तिला नोंदणी, विमा आणि चालवणाऱ्याला परवाना लागतो, आणि घरी जुळवलेल्या सायकलीला हे मिळवणे अत्यंत कठीण. अपघात झाला, तर विमा नसलेल्या वाहनाच्या मालकावर नुकसानभरपाईचा बोजा येऊ शकतो. वाचवलेले पेट्रोल मग कितीही असो, तो खर्च त्यातून निघत नाही. शिवाय अशा मोठ्या संचाचा टॉर्क १६० न्यूटन-मीटरपर्यंत जातो. अर्थात, कायद्याची मर्यादा आणि हबची मर्यादा येथे एकाच दिशेला बोट दाखवतात.

जुळणीपूर्वी आणि जुळणीनंतर

जुळणी करून घेणाऱ्याने दुकानदाराला काही प्रश्न अवश्य विचारावेत. हब बनवणाऱ्याने विजेच्या सायकलीस आणि मधल्या मोटरीस लेखी मान्यता दिली आहे काय? टॉर्कची मर्यादा आणि दात्यांचे किमान गुणोत्तर किती? पायडलच्या आसाची पोकळी मोटरला बसेल त्या मापाची, बहुधा ६८ ते ७३ मिलिमीटर रुंद, आहे काय? मागील चिमट्यातील अंतर हबला जुळते काय? रोलॉफच्या नेहमीच्या हबला ते १३५ मिलिमीटर लागते. अंतर कमी पडले म्हणून चिमटा जोराने फाकवणे किंवा हबचा आस घासणे, ही काटकसर महाग पडते. आस चिमट्यात फिरू नये म्हणून असलेल्या खास वायसर काढून टाकल्या जात नाहीत ना, हेही पाहावे.

जुळणीनंतर गिअरची तार पहिल्या काही आठवड्यांत सैलावते; ती पुन्हा ताणून घ्यावी. नेक्सस आठमध्ये चौथा गिअर घेतला असता हबवरील पिवळ्या रेषा समोरासमोर आल्या पाहिजेत; पाहण्यास अर्धे मिनिट पुरते. रोलॉफच्या हबचे तेल दर ५००० किलोमीटरने किंवा वर्षातून एकदा बदलावे, असे उत्पादकाचे सांगणे आहे. बंदिस्त हब पावसाला भीत नाही, पण जोरदार फवाऱ्याने धुतल्यास पाणी आत शिरते; ओल्या फडक्याने पुसणे पुरेसे. आणि गिअर एकदा जरी घसरला, तरी सायकल त्या दिवशी कामावर पाठवू नये.

या सर्व खबरदारीचा खर्च फार नाही. योग्य दात्यांची चकती, एक गिअर-सेन्सर, वर्षातून एकदा तेल आणि स्वाराला अर्धा तास समजावून सांगणे, एवढाच तो. तो टाळला, तर वहीत त्या दिवशी बचत दिसते. तिची परतफेड मात्र सायकल चालवणाऱ्या मुलाच्या गुडघ्याने आणि मनगटाने होते. मालकाने सायकलीवर किती किलो माल चढवला, हे तो मुलगा पाहतो. साखळीच्या दात्यांतून हबवर किती भार चढला, हे त्याला दिसत नाही आणि ते पाहणे त्याचे कामही नाही. ते मालकाचे काम आहे. अतिभारारोपण टाळण्याचा नियम बैलाच्या खांद्यापाशी संपत नाही. ज्याच्या भरवशावर आपला माल गिऱ्हाइकाच्या दारी पोचतो, त्या माणसापर्यंत तो लागू आहे.